पहिली जुनी बाईक: पल्सर घेऊ की स्प्लेंडर?

तुझा प्रश्न थोडक्यात असा. वय २२, राहायला मुलुंड, नोकरी पवईत. आजवर मित्राची ॲक्टिव्हा चालवलीस, गिअरच्या गाडीचं लर्निंग लायसन्स गेल्या महिन्यात निघालं. हातात ५० हजार आहेत. दोन गाड्या बघितल्यास. एक ठाण्यातल्या डीलरकडची २०१७ ची पल्सर १५०, १९ हजार किलोमीटर चाललेली, ४४ हजारांना. दुसरी तुमच्याच बिल्डिंगमधल्या काकांची २०१९ ची स्प्लेंडर, ४१ हजार किलोमीटर, ३८ हजारांना. मन पल्सरवर बसलंय, पावसाळ्यात माळशेजला जायचंय, आणि विचारतोयस की यातलं चांगलं मॉडेल कोणतं.

भांडुपला माझं गॅरेज आहे. १९९८ साली हेल्पर म्हणून हातात पाना घेतला तेव्हापासून दुचाकीशिवाय दुसरं काम केलेलं नाही. वयाने तुझ्या काकाच्या जागी आहे, म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

मॉडेल दोन्ही चांगली आहेत. स्प्लेंडर १९९४ पासून रस्त्यावर आहे, पल्सर २००१ पासून. दोन्हींचा पार्ट कुठल्याही नाक्यावर मिळतो आणि मुलुंडपासून मुरबाडपर्यंत कुठलाही मेकॅनिक ती उघडू शकतो. तेव्हा मॉडेलचा प्रश्न इथेच मिटला. अडतं ते पुढे. तुझ्यासमोर जी एक गाडी उभी आहे ती इतकी वर्षं कोणाच्या हातात होती, कुठे उभी राहिली, आणि तिचे कागद सरळपणे तुझ्या नावावर होणार का? एकाच साली निघालेल्या दोन पल्सर माझ्याकडे एकाच आठवड्यात येतात. एकीला फक्त ऑइल बदलून पाठवतो, दुसरीचं फुल इंजिन करावं लागतं. नाव एकच, गाड्या वेगळ्या.

आधी तुझ्याबद्दल बोलतो, कारण काही गोष्टी तुझ्यावर अवलंबून आहेत. तुझी उंची किती, वजन किती, मागे रोज कोणी बसणार का, सोसायटीत गाडी लावायची जागा सपाट आहे की उतारावर, हे तू लिहिलेलं नाहीस. स्प्लेंडरचं वजन साधारण ११० किलो, पल्सर १५० चं १४५ च्या आसपास. चालताना हा फरक जाणवत नाही. जाणवतो तो गाडी उभी करताना, गर्दीत मागे ढकलताना आणि ओल्या पेव्हर ब्लॉकवर पाय टेकताना. गिअर-क्लच नवीन असलेला माणूस पहिले दोन महिने वेगात पडत नाही, थांबता थांबता पडतो. सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही, गाडी एका बाजूला कलते, पाय घसरतो. त्या क्षणाला ३५ किलोचा फरक फार मोठा असतो.

आणि ताकद हवी म्हणतोस तर मुंबईत ती वापरायची कुठे? सी-लिंक, कोस्टल रोड, ईस्टर्न फ्रीवे, अटल सेतू, पुण्याचा एक्सप्रेसवे, सगळीकडे दुचाकीला बंदी आहे. जेजे उड्डाणपूलसुद्धा आपल्यासाठी बंद. तुझा रोजचा रस्ता म्हणजे एलबीएस आणि जेव्हीएलआर, तिथे संध्याकाळी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या वर जायला मिळालं तरी नशीब. माळशेजला कल्याण-मुरबाडवरून १०० सीसीची गाडी दोघांना घेऊन आरामात जाते. घाटात जरा सावकाश चढेल इतकंच.

एक मुद्दा मात्र खरा आहे, ब्रेकचा. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं आणि १२५ पर्यंतच्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय आली. म्हणजे ही २०१७ ची पल्सर डिस्कब्रेकची आहे, पण एबीएसशिवाय. पहिल्या पावसात रस्त्यावर तेल वर येतं, मेट्रोच्या कामाच्या लोखंडी प्लेटा ओल्या होतात. अशा वेळी नवशिक्याने घाबरून पुढची डिस्क दाबली की चाक लॉक होतं आणि गाडी पायाखालून जाते. दर जूनमध्ये वाकलेलं हँडल आणि घासलेला फूटरेस्ट घेऊन पोरं येतात, त्यांतल्या बहुतेकांची गोष्ट हीच असते. काकांची स्प्लेंडर एप्रिल २०१९ नंतरची असेल तर मागचा ब्रेक दाबताना पुढचाही थोडा लागेल. आरसीवर उत्पादनाचा महिना असतो, तो बघ.

आता गाडी बघायला जाशील तेव्हाचं सांगतो.

विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगून ठेव की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. तरीही ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधीच जा. गेल्या गेल्या इंजिनच्या पंख्यांजवळ, म्हणजे बाहेरच्या पात्यांजवळ, हात ने. गरम लागलं तर समजायचं की तुझ्या येण्याआधी गाडी तापवून ठेवली आहे. चहा पिऊन तासाभराने परत ये, किंवा परत येऊच नकोस. थंड इंजिन खोटं बोलत नाही. चोक ओढून दोन-तीन किकमध्ये चालू व्हायला हवी. पल्सर असेल तर सेल्फबरोबर किकही मारून बघ, नुसत्या सेल्फवर भागवू नकोस. सायलेन्सरमधून सुरुवातीला पांढरी वाफ येऊन दोन मिनिटांत थांबली तर काळजी नाही. रेस देऊन सोडल्यावर निळसर धूर निघाला आणि जळक्या ऑइलचा वास आला तर रिंग-पिस्टन किंवा व्हॉल्व्ह सील गेलेत. वरून बारीक टकटक येत असेल तर टॅपेट, ते स्वस्तातलं काम. डाव्या बाजूने साखळी घासल्यासारखी घरघर आली तर टायमिंग चेन. खालून, पोटातून खडखड आली तर गाडी स्टँडवर लाव आणि घरी जा.

१९ हजार किलोमीटरवर माझा विश्वास नाही, आणि मी ती पल्सर बघितलेली नसतानाही हे लिहितोय. आठ वर्षांत १९ हजार म्हणजे दिवसाला सहा-सात किलोमीटर. अशी गाडी असू शकते, पण मग तिच्या अंगावर ते दिसलं पाहिजे. फूटरेस्टच्या रबरावरची नक्षी शिल्लक हवी. गिअर लिव्हरचं रबर, हँडल ग्रिप, चावीचे दात, ब्रेक पेडलची कड, सगळं बोटाने चाचपून बघ. डिस्कच्या कडेला नख लाव, जाड काठ लागला तर ती बरीच घासलेली आहे. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. एवढ्या कमी चाललेल्या गाडीला मूळचे टायर असतील तर ते कडक झालेले, बदलायचे. नवे असतील तर मग जुने कशाने झिजले, हे विचार. शिवाय कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नंबर दिला की आधीच्या सर्व्हिसची नोंद बहुतेक वेळा मिळते. शेवटच्या नोंदीला ३४ हजार आणि मीटरवर १९ हजार, असं माझ्यासमोर घडलेलं आहे.

त्यामानाने काकांच्या ४१ हजारांना घाबरू नकोस. रोज ऑफिसला नेलेली, वेळेवर ऑइल मिळालेली गाडी ४१ हजारांवरही चांगली असते. बरीच वर्षं झाकून ठेवलेली गाडी त्यापेक्षा जास्त खर्च काढते. तिच्या टाकीत गंज बसतो, कार्बोरेटर चिकटतो, सील सुकतात. त्यात आता इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं, उभ्या गाडीत ते ओल धरतं. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीची पेट्रोलची नळी आणि ओ-रिंग मी आता हात लागेल तेव्हा बदलूनच टाकतो.

चासीचं बघायला फार वेळ लागत नाही. गाडी मेन स्टँडवर घे, मित्राला मागची सीट दाबायला सांग म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. हँडल एका बोटाने हळूहळू डावी-उजवीकडे फिरव. मधोमध खाचेत अडकल्यासारखं झालं तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतली बेअरिंग, गेला. पुढच्या शॉकअपचे दोन्ही पाय खालून धरून पुढे-मागे हलव, टकटक लागली तरी तेच. मग मागे दहा पावलांवर उकिडवा बस आणि दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का ते बघ. नसतील तर अपघात झालेली गाडी आहे, कितीही स्वस्त मिळाली तरी तुझ्यासाठी नाही. शॉकअपच्या चकचकीत नळ्यांवरून बोट फिरव. गंजाचे खड्डे लागले तर नवीन सील महिन्याभरात फाटणार. चेन मागच्या स्प्रॉकेटवरून बाहेर ओढून बघ, अर्धा दात उघडा पडला तर चेनसेटचा (चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट) खर्च आला.

पाण्याबद्दल मात्र थांबून सांगावं लागेल, कारण मुंबईत जुनी गाडी घेणाऱ्याला सगळ्यात जास्त हेच नडतं.

२००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पुढचे दोन महिने मी बुडालेल्या गाड्यांशिवाय काही उघडलं नाही. तेव्हापासून मला सवय लागली, कुठलीही जुनी गाडी आली की आधी पाण्याची खूण शोधायची. २९ ऑगस्ट २०१७ आणि २ जुलै २०१९ लाही मुंबई अशीच तुंबली होती, आणि २०१७ ची गाडी या दोन्ही दिवशी इथे असू शकते. विकणाऱ्याला सरळ विचार, त्या दिवशी गाडी कुठे होती? हिंदमाता, कुर्ला, मिलन सबवे, अंधेरी सबवे, भांडुप स्टेशनच्या पश्चिमेचा एलबीएस, ही नावं ऐकलीस की सीट उघडायला सांग.

मागच्या वर्षी कांजूरचा एक मुलगा नवी घेतलेली जुनी बाईक दाखवायला आला. बाहेरून पॉलिश, नवं सीट कव्हर, टाकीवर ओरखडा नाही. म्हणाला, फक्त ऑइल बदला. खाली पाटी ठेवून ड्रेन बोल्ट सोडला. काळं ऑइल यायला हवं, आलं ते दूध घातलेल्या चहाच्या रंगाचं, दाट आणि तारेसारखं लोंबणारं. पाटीत पडताना त्याचा आवाजही वेगळा येतो. तो मुलगा उकिडवा बसून बघत होता, काही बोलला नाही. मग हेडलाइट काढला. आत काचेच्या मागे, चांदीच्या रंगाच्या वाटीवर एक तपकिरी रेघ होती, पट्टीने आखल्यासारखी आडवी. पाणी तिथपर्यंत चढलं होतं. एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाला गाळ, बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवी बुरशी, दोन्ही चाकांची बेअरिंग बिनग्रीसची. दुरुस्तीचा आकडा सांगताना मलाच जड गेलं.

तू ड्रेन बोल्ट खोलू शकणार नाहीस. पण ऑइल भरायचं झाकण हाताने उघडतं, त्याच्या आतल्या बाजूला बघ. एक सावधगिरी सांगतो. पावसाळ्यात रोज दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीच्या झाकणालाही थोडा पांढरट फेस येतो, त्या एकट्यावरून गाडी बाद करू नकोस. पण त्याच्या जोडीला सीटखाली गाळ, वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर, हेडलाइट-टेललाइटच्या आत रेघ आणि मेन स्टँडवर चाक फिरवल्यावर घरघर, यांतलं एक-दोन आढळलं तर नको घेऊस. अशी गाडी एकदम बंद पडत नाही. सहा महिने एकेक करून सगळं जातं, आधी बेअरिंग, मग स्विच, मग वायरिंग, आणि कारण शोधण्यात पैसा जातो.

चालवून बघायला गिअरची गाडी चांगली येणाऱ्या, पक्कं लायसन्स असलेल्या मित्राला ने. तुझं लर्निंग आहे, अनोळखी माणसाच्या गाडीवर अनोळखी रस्त्यावर तू जाऊ नकोस. तू बाजूला उभं राहून आवाज ऐक.

आता कागद. इथे लोक सर्वांत कमी वेळ देतात.

जाण्याआधीच एम-परिवहन ॲपमध्ये नंबर टाक. मालकाच्या नावाची काही अक्षरं, नोंदणीची तारीख, विम्याची मुदत, कर्जाचा बोजा दिसतो. वाहतूक पोलिसांच्या ॲपमध्ये ई-चलान बघ. बाकी असलेली चलानं विकणाऱ्याकडून आधी भरून घे, नंतर कोणी भरत नाही. कर्ज दिसत असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नकोस. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलेली आहे का तेही बघ, पल्सरला ती लागणारच. स्प्लेंडरच्या बाबतीत एक वेगळी गंमत होते. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम मिळू लागला. पाच वर्षं कोणाला आठवण राहत नाही, मुदत संपते आणि मालकाला पत्ताच नसतो. काकांच्या गाडीची मुदत २०२४ मध्ये संपली असणार, त्यांनी पुढे काढला का ते विचार.

गाडीजवळ गेल्यावर हँडलखाली, चासीच्या मानेवर कोरलेला नंबर शोध. आधी ओल्या फडक्याने पुसून घे. त्यावर पातळ कागद ठेव आणि पेन्सिल आडवी धरून हलकेच घास. आकडे कागदावर उमटतात. हा ठसा नावावर करायच्या फॉर्मवर लागतोच, पण मी तो पहिल्याच दिवशी घ्यायला सांगतो. डोळ्यांना न दिसलेली गोष्ट कागदावर दिसते. एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा खोल किंवा तिरका, आजूबाजूला घासल्याची रेघ, असं काही दिसलं तर गाडी सोड. इंजिनवरचा नंबरही आरसीशी जुळव.

नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. ऑनलाइन अर्जात विकणाऱ्याच्या मोबाइलवर ओटीपी जातो, म्हणून तो समोर असतानाच अर्ज भर. मुलुंडला तुझं आरटीओ वडाळ्याचं, एमएच ०३. काकांची गाडी तिथलीच असेल तर काम सोपं. ठाण्याची एमएच ०४ असेल तर तिथली एनओसी धरून चाल. गुजरात किंवा दमण पासिंगची गाडी स्वस्त मिळते, पण इथला रोड टॅक्स भरला की स्वस्ताई उरत नाही.

डीलर तुला सांगेल, "सही केलेले फॉर्म देतो, सावकाश नावावर कर." तारीख न टाकलेले असे फॉर्म घेऊन तीन वर्षं गाडी चालवलेला एक गिऱ्हाईक माझा होता. चौथ्या वर्षी तो नावावर करायला गेला तेव्हा कळलं की मूळ मालक वारलेत. मग वारसांचा शोध, त्यांच्या सह्या, मृत्यूचा दाखला. त्यांच्यापैकी एक जण परदेशी. गाडीच्या किमतीपेक्षा त्याचा त्रास मोठा होता. गाडी तुझ्या नावावर नसताना चोरीला गेली तर विम्याच्या क्लेमला अडचण येते, आणि मालक-चालकाचा जो १५ लाखांचा अपघात विमा असतो तो तुला लागू होत नाही. विकणाऱ्यालाही हे समजावून सांग. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे, अपघाताच्या भरपाईसाठी मालक म्हणून तोच धरला जातो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. त्याच्याही फायद्याचं आहे. नावावर झाल्यावर विमा कंपनीला १४ दिवसांत कळवायचं.

डीलरकडून घेत असशील तर त्याच्याकडे परिवहन खात्याचं प्राधिकारपत्र आहे का विचार. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी तो नियम आहे. आहे म्हणाला तर बघायला माग. कुठलेही पैसे बँकेतून दे, आणि टोकन दोन हजारांच्या वर नको.

तुझ्या ५० हजारांतले दहा हजार मी आत्ताच बाजूला काढायला सांगतो. गाडी कितीही चांगली असली तरी पहिल्या महिन्यात ऑइल, फिल्टर, प्लग, ब्रेक शू, क्लच आणि ॲक्सिलरेटरची केबल बदल. माझ्याकडे हे दीड-दोन हजारांत होतं. चेनसेट लागला तर पुन्हा तेवढेच, टायरची जोडी साडेतीन-चार हजार. नावावर करायचा खर्च आणि विमा वेगळा. आणि आयएसआय हेल्मेट नवीनच घे, गाडीबरोबर फुकट मिळालेलं नको. आदळलेल्या हेल्मेटची आतली थर्माकोलची गादी दबलेली असते आणि वरून काही दिसत नाही.

हिशोब बघितलास तर ४४ हजारांची पल्सर तुझ्या बजेटमध्ये बसतच नाही. ३८ हजारांची स्प्लेंडर बसते, आणि काकांशी बोललास तर ३५ ला येईल असं मला वाटतं. माझा कौल स्प्लेंडरला, वर लिहिलेलं तपासून ती पास झाली तर. शेजारच्या माणसाची गाडी तू इतकी वर्षं जाता-येता बघतोयस. ती पावसात कुठे उभी असते, काका दर रविवारी तिला फडकं मारतात की नाही, हे तुला माहीत आहे. एवढी माहिती तुला दुसऱ्या कुठल्याही गाडीबद्दल मिळणार नाही. वर्ष-दीड वर्ष चालव, एक पूर्ण पावसाळा काढ. तेव्हाही १५० च हवी असेल तर २०१९ नंतरची, एबीएसवाली बघ. स्प्लेंडर विकायला आठवडाही लागत नाही.

पल्सरच हवी असा हट्ट असेल तर आधी सर्व्हिसची नोंद काढ. ती १९ हजारांशी जुळली, हेडलाइटच्या आत रेघ नसली आणि भाव ३८ पर्यंत उतरला, तर मी तुला नको म्हणणार नाही. मात्र पहिला महिना सकाळी सातच्या आत मुलुंडच्या आतल्या रस्त्यांवर चालव, जेव्हीएलआरला नंतर जा.

काकांकडे जाशील तेव्हा सकाळी जा, गाडी रात्रभर थंड झालेली असेल. फडकं, पेन्सिल, पातळ कागद आणि टॉर्च सोबत ने. चासीचा ठसा आणि ऑइलच्या झाकणाच्या आतला फोटो इथे टाकलास तर मी बघून सांगतो.